सात महिन्यांत माउंटन बाइकचा खुळखुळा का होतो

प्रश्न थोडक्यात असा. २९ इंची चाकांची, फक्त पुढे शॉकअप असलेली माउंटन बाइक, समोर तीन आणि मागे आठ गिअर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. सात महिन्यांत साधारण १२०० किलोमीटर झाले. आठवडाभर कोल्हापुरात रंकाळ्याच्या फेऱ्या, रविवारी जोतिबा किंवा पन्हाळा, कधी मसाई पठार. आता चढावर चेन घसरते, मागचं चाक आऊट आहे आणि त्याच्या दोन तारा तुटल्या, ब्रेक किंचाळतात, पायडल मारताना कटकट आवाज येतो आणि पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप ठकठक करतो. मेकॅनिक म्हणतो, चेन, कॅसेट (मागच्या गिअरच्या चक्रांचा संच), चेनव्हील (समोरची दातेरी चक्रं) आणि मागचं चाक सगळंच बदला. सायकल हलक्या दर्जाची निघाली, की चालवणाराच चुकतोय?

दोन्ही थोडं थोडं. पण या पाचांपैकी तीन तक्रारींचं मूळ तिसऱ्याच ठिकाणी असण्याची शक्यता जास्त आहे: पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर सायकल पुन्हा आवळलीच गेली नाही. खोक्यातून निघालेली सायकल दुकानात जोडली जाते तेव्हा तारांना पूर्ण ताण बसलेला नसतो, क्रँक (पायडल धरणारा दांडा) चौकोनी अ‍ॅक्सलवर नीट रुतलेला नसतो, हँडलखालच्या बेअरिंगचे कप जागेवर बसलेले नसतात. थोडी चालली की हे सगळं आपापल्या जागी बसतं आणि बसताना सैल होतं. तेव्हा एकदा आवळलं तर पुढे वर्षभर त्रास नाही. नाही आवळलं, तर सैल भाग एकमेकांना खायला लागतात, आणि त्यानंतर कितीही आवळून उपयोग होत नाही. नवशिक्याचं नुकसान इथेच जास्त होतं. खडकावरून उडी मारल्याने मोडलेल्या सायकली त्या मानाने कमीच असतात.

सुरुवात कटकट आणि ठकठक या दोन आवाजांपासून करा, चेनपासून नको. चेन घसरली तर वैताग येतो. क्रँक किंवा हँडल सुटलं तर दवाखान्यात जावं लागतं.

कटकट कुठून येते ते असं शोधा. उभं राहून पायडल मारल्यावर आवाज बंद झाला तर तो सीटचा किंवा सीटपोस्टचा आहे. पोस्ट बाहेर काढा, पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या आणि परत घाला. पोस्टवर कोरलेली किमान खोलीची खूण दिसणार नाही इतकी ती आत जायलाच हवी. उभं राहूनही आवाज येत असेल तर खाली उतरा, दोन्ही क्रँक हातात धरा आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही एकदम हलले तर मधला बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या आसाचं बेअरिंग) गेला किंवा सैल आहे. एकच हलला, आणि तो बहुतेक डावाच असतो, तर तो क्रँक अ‍ॅक्सलवर सैल आहे. तिथला बोल्ट ८ मिलिमीटरच्या एलन कीने किंवा १४ च्या सॉकेटने आवळतात, ताण ३५ ते ५० न्यूटन-मीटर. म्हणजे हातभर लांब पान्याने चांगला जोर लावून. घरी मिळणाऱ्या छोट्या एलन कीने एवढा जोर येतच नाही; दुकानातल्या पोराने तिनेच आवळलं असेल तर महिन्याभरात सैल होणार हे ठरलेलं.

सैल क्रँकवर शंभरेक किलोमीटर काढले असतील तर त्याचं चौकोनी भोक गोलसर झालेलं असतं. अॅल्युमिनियमच्या क्रँकला पोलादी अ‍ॅक्सल खातो. मग आवळला की चार दिवस बरा, पाचव्या दिवशी पुन्हा कटकट. काही ठिकाणी आत पत्र्याची पट्टी घालून देतात. ते करू नका. पट्टी एका बाजूला दाबली जाते आणि क्रँक वाकडा बसतो. क्रँकचा हात नवा घ्या.

पायडलचे आटेही इथेच बघून घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे सगळ्यांना सांगून माहीत असतं, पण हातात पाना आला की विसरतात आणि आडवे आटे चढवून क्रँकच वाया घालवतात. पायडल नेहमी बोटांनी आत फिरवायला सुरुवात करा, किमान तीन-चार वेढे बोटांनीच गेले पाहिजेत, आणि आट्यांना ग्रीस लावा. आटे गेलेच तर कोल्हापूरकरांची एक सोय आहे: उद्यमनगरात लेथवाल्याकडून क्रँकला पोलादी बुश बसवून नवे आटे पाडून मिळू शकतात. तिथे जाताना माप सांगा, नऊ-सोळांश इंच आणि इंचाला २० आटे, आणि डावा क्रँक असेल तर आटे डावे हवेत हे दोनदा सांगा. आधी भाव विचारा. साध्या क्रँकचा नवा हात त्याहून स्वस्त पडतो असं बऱ्याचदा होतं.

आता ठकठक. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हँडलखाली, फ्रेम आणि शॉकअप जिथे मिळतात त्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. सांध्यात हालचाल जाणवली तर हेडसेट (हँडलखालचं तेच बेअरिंग) सैल आहे. सांधा पक्का, पण हालचाल खाली शॉकअपच्या नळ्यांमध्ये असेल तर आतले बुश झिजलेत. स्प्रिंगवाल्या स्वस्त शॉकअपमध्ये बुशचा थोडा खडखडाट नवा असतानाही असतो, त्याची चिंता नको; नळी डोळ्यांना दिसेल इतकी डुलत असेल तर मात्र दुरुस्तीपेक्षा बदलणं बरं.

हेडसेट आवळताना क्रम चुकतो म्हणून तो सैल राहतो. आधी स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे दोन बोल्ट ढिले करा. मग वरच्या टोपीचा बोल्ट हळूहळू आवळा, प्ले (सैलपणा) जाईपर्यंतच. पुढचं चाक उचललं की हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला वळलं पाहिजे. मग हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरने आवळा. वरची टोपी फक्त प्ले काढते, पकडून ठेवण्याचं काम बाजूच्या बोल्टचं. बाजूचे न सोडता वरचाच पिळत बसलं तर काहीच होत नाही आणि शेवटी टोपीचे आटे जातात. सैल हेडसेटवर घाट उतरत राहिलं तर फ्रेमच्या पुढच्या नळीत कप बसण्याची जागाच मोठी होते, आणि तो दोष फ्रेम बदलल्याशिवाय जात नाही.

शॉकअपबद्दल आणखी थोडं. बहुतेक अशा सायकलींवर १०० मिलिमीटर चालीचा शॉकअप असतो. तो खड्डे, मुळं, जांभ्याचे उंचवटे सोसायला केलेला असतो. पाच फुटांच्या बांधावरून उडी मारायला नव्हे. तुम्ही सायकलवर बसल्यावर तो १५ ते २० मिलिमीटर दबला पाहिजे. नळीला प्लास्टिकची झिप टाय बांधून मोजता येतं. वरची प्रीलोडची कळ फिरवून यात थोडाच फरक पडतो, कारण ती स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. लॉकआऊटची कळ मात्र डांबरी चढासाठी आहे. चढून गेल्यावर ती उघडायची राहते आणि पठारावर तासभर कुलूपबंद शॉकअप आदळत राहतो. आतला झडपेचा भाग जाण्याचं हे नेहमीचं कारण. नळ्यांवर इंजिन ऑइल किंवा ग्रीस चोपडू नका. त्याला धूळ चिकटते, ती सीलखाली जाते आणि नळीवर उभे ओरखडे पडतात. प्रत्येक फेरीनंतर कोरड्या फडक्याने नळ्या पुसल्या तरी पुरे.

तारांकडे येऊ. तार जास्त वजनाने तुटते असा समज आहे. खरं तर तार सैल असल्यामुळे तुटते. चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या तारेचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेली की परत येतो. ताण मुळात चांगला असेल तर हा चढउतार तारेला जाणवत नाही. ताण कमी असेल तर तार प्रत्येक फेऱ्याला पूर्ण सैल पडते आणि हबजवळच्या (चाकाच्या मध्याजवळच्या) कोपरात वाकत राहते. हजारो फेऱ्यांनंतर तिथेच तुटते. एक तुटली की शेजारच्यांवर भार वाढतो. तुमच्या दोन तारा हबजवळ तुटल्या असतील तर कारण हेच. त्या गिअरच्या बाजूच्या असतील आणि तारांवर चेनने कापल्यासारख्या खाचा दिसत असतील तर कारण वेगळं: चेन कधीतरी सगळ्यात मोठ्या चक्रावरून आत, तारांत पडली आहे. त्याचा उलगडा पुढे हँगरच्या वेळी होईल.

ताण तपासायला यंत्र लागत नाही. शेजारच्या दोन-दोन तारा मुठीत दाबत चाकाभर फिरा; एखादी जोडी मऊ लागली की हाताला लगेच कळतं. मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या तारा घट्ट आणि डिस्कच्या बाजूच्या थोड्या सैल असतात, ते बरोबरच आहे. एकाच बाजूच्या तारांची तुलना करा. आऊट काढताना निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाचा नट) एका वेळी पाव वेढाच फिरवायचा, आणि एक बाजू आवळली तर समोरची तेवढी सोडायची. डिस्क ब्रेकवर २-३ मिलिमीटर आऊट असलेलं चाकही चालतं, म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलवर ब्रेक घासायचा आणि चाक दुरुस्तीला जायचं. आता ती सूचना मिळत नाही.

तुमच्या बाबतीत चाक बदलण्याआधी रिम बघा. टायर काढून रिमच्या कडेवर बोट फिरवा. कड आत दबलेली नसेल आणि तारा सोडल्यावर रिम बऱ्यापैकी सरळ येत असेल तर तेच रिम, तेच हब ठेवून सगळ्या तारा नव्या भरून घ्या. दोनच बदलल्या तर बाकीच्या तितक्याच थकलेल्या आहेत, महिन्याभरात तिसरी जाईल. रिमच्या कडेला खोक पडलेली असेल तर मात्र मेकॅनिक बरोबर आहे.

खोक पडते ती कमी हवेमुळे. ट्यूब असलेल्या २९ गुणिले २.१ च्या टायरला ६५ ते ७५ किलोच्या माणसाने मातीवर पुढे ३० ते ३२, मागे ३४ ते ३६ पीएसआय ठेवावी. डांबरी रस्त्यावर ४५ पर्यंत. वजन जास्त असेल तर दर दहा किलोला दोनेक पीएसआय वाढवा. अंगठ्याने दाबून हवा कळते हा भ्रम आहे. २२ आणि ३२ मधला फरक जाड टायरवर अंगठ्याला कळत नाही, मीटर असलेलाच पंप घ्या. ट्यूब काढल्यावर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर ती रिम आणि दगड यांच्यात चिरडली गेली, हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर बाभळीचा काटा. तो टायरमध्ये अजून असतो, आतून बोट फिरवून काढल्याशिवाय नवी ट्यूब टाकू नका.

हवा बरोबर असूनही रिम जाते ती बसण्याच्या पद्धतीने. पोत्यासारखं सीटवर बसून स्पीडब्रेकर, खड्डा किंवा दगडावर चढवलं की सगळं वजन मागच्या चाकावर एका बिंदूत पडतं. अडथळा दिसला की दोन्ही पायडल एका पातळीत आणा, सीटवरून चार बोटं उठा, गुडघे आणि कोपरं मऊ ठेवा. पाय आणि हात हा तुमचा मागचा शॉकअप आहे, या सायकलला दुसरा नाही. एवढी एक सवय लागली की रिम, तारा, हब, सीटपोस्ट या चारांचं आयुष्य वाढतं. ज्यांच्याकडे सात गिअरचं, आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील आहे त्यांनी तर हे पाळायलाच हवं, कारण त्या हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं आणि अ‍ॅक्सलचं टोक लांबपर्यंत आधाराशिवाय राहतं. तो वाकतो, मग तुटतो.

आता चेन. मेकॅनिकने मोजून सांगितलं की डोळ्यांनी बघून? मोजणं पाच मिनिटांचं आहे. इंचाची पोलादी पट्टी घ्या, चेनचा खालचा भाग नको, वरचा ताणलेला भाग मोजा. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बारा इंचावर बरोबर दुसऱ्या एका पिनचा मध्य येतो. पिन अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदला, कॅसेट बहुतेक वाचेल. पूर्ण सूत पुढे गेली असेल तर कॅसेटही गेली आणि समोरच्या मधल्या चेनव्हीलचीही शंका धरा. अर्ध्या सुताच्या आत असेल तर चेन ठीक आहे आणि घसरण्याचं कारण दुसरीकडे आहे.

ते दुसरीकडे कुठे, हे घसरण्याच्या पद्धतीवरून कळतं. ठरावीक एक-दोन गिअरमध्येच, जोर लावला की घसरते: ती चक्रं झिजलीत, कारण तुम्ही तेच गिअर जास्त वापरता. कुठल्याही गिअरमध्ये, दर तीन-पाच पायडलांनी एकदा खट: चेनची एक कडी आखडली आहे. सायकल उभी करून पायडल उलटं फिरवा आणि डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांकडे बघा; आखडलेली कडी तिथून जाताना डिरेलर उडी मारतो. ती कडी दोन्ही हातांनी आडवी वाकवून सैल करता येते. आणि मधल्या गिअरमध्ये सारखी चुळबुळ, स्वतःहून गिअर बदलणं: केबल सैल आहे किंवा हँगर वाकला आहे.

नवशिक्याची चेन लवकर जाते ती चढावर जोर लावत असतानाच गिअर बदलल्याने. जोतिबाच्या वळणावर चढ अंगावर आला की मगच कळीला हात जातो. तेव्हा पायाचा पूर्ण जोर चेनवर असतो आणि तिला आडवं ओढून दुसऱ्या चक्रावर चढवायचं असतं. कडीची बाजूची पाटी पिनवरून निसटते, चक्राचे दात वाकतात. समोरच्या चेनव्हीलवर हे आणखी वाईट, कारण तिथे बदल चेनच्या ताणलेल्या बाजूला होतो. उपाय सोपा आहे. वळणाच्या आधी, अजून वेग आहे तोवर समोर छोटं चेनव्हील घ्या. उशीर झालाच तर अर्धा वेढा जोरात मारून थोडा वेग मिळवा, पुढचा एक वेढा पाय हलका ठेवा आणि त्या वेढ्यात कळ दाबा. आवाज मऊ आला तर जमलं. कडाड आवाज आला तर चेनचं आयुष्य कमी केलंत.

समोर मोठं आणि मागे सगळ्यात मोठं, किंवा समोर छोटं आणि मागे सगळ्यात छोटं, अशी तिरकी जोडी टाळा. तीन गुणिले आठ म्हणजे चोवीस गिअर छापलेले असतात, वापरण्यासारखे त्यातले सोळा-सतरा.

हँगर म्हणजे मागचा डिरेलर जिथे फ्रेमला लटकतो तो छोटा अॅल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. सायकल उजव्या अंगावर पडली, गाडीच्या डिकीत उजव्या बाजूवर आडवी टाकली, की तो आत वाकतो. मग एक दिवस चढावर सगळ्यात हलका गिअर टाकता आणि डिरेलर तारांत शिरतो: डिरेलर, चार तारा, कधी फ्रेमचा कोपरासुद्धा, एका सेकंदात. मागून सरळ रेषेत बघा. वरचं चक्र आणि डिरेलरची दोन छोटी चाकं एका उभ्या रेषेत नसतील तर हँगर वाकलाय. तो सरळ करायला दुकानात खास लिव्हर असतो. एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा मोडतो. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर घेऊन ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, पठारावर उधार मिळत नाही. आणि सायकल नेहमी डाव्या अंगावर ठेवा.

कोल्हापूर परिसराची माती या सगळ्यात भर घालते. पठारावरचा जांभ्याचा लाल चुरा कोरडा असतो, ब्रशने झटकला तर जातो. नदीकाठची आणि उसाच्या पाणंदीतली काळी माती वेगळी. पावसाळ्यात ती टायरला थरावर थर चिकटते आणि टायर व फ्रेम यांच्यात घट्ट बसते. चाक फिरेनासं होतं. अशा वेळी जोर लावून पायडल मारलं की चिखल डिरेलरला ओढून घेतो आणि हँगर मोडतो. चाक जड वाटलं की उतरा, काठीने चिखल काढा, नाहीतर बांधापर्यंत सायकल खांद्यावर घ्या. जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांत गुलालाचंही बघा. तेलकट चेनवर तो बारीक भुकटीसारखा बसतो आणि रंगीत लगदा होतो. तिथून आल्यावर चेन पुसल्याशिवाय पुन्हा तेल घालू नका.

आल्यावर लोक थेट वॉशिंग सेंटरला जातात, मोटारसायकलच्या रांगेत उभं राहतात आणि जेट मारून घेतात. सायकल चकाचक दिसते आणि हब, बॉटम ब्रॅकेट, हेडसेट, फ्रीहब (मागच्या हबचा, कॅसेट बसते तो भाग) अशा चार ठिकाणी पाणी सीलच्या आत जातं. आतलं ग्रीस पांढरं पडतं, महिन्याभरात छर्रे गंजतात. बादली, स्पंज आणि वरून सोडलेलं साधं पाणी एवढ्यावर भागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या सायकली अजूनही जुन्या बाजारात येतात. सेकंडहँड घेणाऱ्याने हब खोलूनच घ्यावी.

तेलाचं प्रमाण तर हमखास चुकतं. चेनला प्रत्येक रोलरवर एक थेंब, तोही आतल्या बाजूने, पायडल उलटं फिरवत दोन मिनिटं, रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढा. तेल आत पिनपाशी हवं, बाहेर दिसणारं तेल धूळ ओढण्यापलीकडे काही करत नाही. गाडीचं इंजिन ऑइल फार घट्ट. डब्ल्यूडी-४० ची साधी निळी-पिवळी बाटली पाणी आणि गंज काढायला चांगली, पण ती वंगण म्हणून टिकत नाही. रॉकेलने धुवायची असेल तर चेन काढून धुवा, पूर्ण वाळवा. सायकलवर असताना रॉकेल मारलं तर ते फ्रीहबमधलं ग्रीस धुऊन नेतं.

आणि डिस्कवर उडतं. तुमच्या ब्रेकच्या किंचाळण्याचं पहिलं संशयित कारण चेनवर मारलेला स्प्रे हेच. डिस्कला तेलाचा किंवा बोटांच्या तुपकटपणाचा पातळ थर लागला की पॅड तो शोषून घेतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ फडक्याने पुसा. पॅड काढून बघा: पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल तर तापून काचला आहे, १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासून परत वापरता येतो. काळपट, ओलसर डाग असेल तर तेल आत गेलंय. गॅसवर भाजण्याचे वगैरे उपाय रेझिनच्या पॅडवर क्वचितच टिकतात, नवे घ्या. पॅडचं साहित्य अर्धा मिलिमीटर उरलं की बदला. डिस्क नवी असताना साधारण १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ च्या खाली गेली की तीही बदला. डिस्कचे टी-२५ चे सहा बोल्टही एकदा तपासा, सैल डिस्कसुद्धा ओरडते.

नवे पॅड बसवल्यावर सरळ घाटात जाऊ नका. सपाट रस्त्यावर २०-२५ च्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, वीसेक वेळा ब्रेक लावा. आधी पुढचा, मग मागचा. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि खरी पकड तेव्हाच येते.

केबलच्या बहुतेक ब्रेकमध्ये बाहेरचाच पॅड सरकतो, आतला स्थिर असतो. पॅड झिजला की लोक लिव्हरजवळची कळ फिरवून केबल ताणत राहतात. मग बाहेरचा पॅड डिस्कला वाकवून आतल्याला टेकवतो. आतला पॅड त्याच्या स्वतःच्या स्क्रूने डिस्कच्या जवळ आणायचा असतो. आणि उतारावर: पन्हाळ्याहून किंवा जोतिबावरून खाली येताना मागचा ब्रेक सबंध घाटभर अर्धवट दाबून ठेवू नका. पॅड काचतात त्याने, आणि चाक घसटत नेलं तर टायरच्या मधल्या गुट्या एका जागी सपाट होतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकत्र, नीट दाबून वेग उतरवा, वळणात सोडा, डिस्कला थंड व्हायला जागा द्या. खाली पोचल्यावर तापलेल्या डिस्कला हात लावू नका, पाणीही ओतू नका.

फ्रेम महिन्यातून एकदा पुसताना चार जागी निरखा: हँडलखालच्या नळीचे जोड, सीट क्लँपची चीर, बॉटम ब्रॅकेटच्या मागे, आणि मागचं चाक बसतं तिथे. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि नखाला लागली तर सायकल चालवणं थांबवा. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला कुठल्याही वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेऊ नका. ६०६१ सारखा मिश्रधातू उष्णता देऊन कडक केलेला असतो. वेल्डच्या आजूबाजूला तो मऊ पडतो आणि पूर्ण फ्रेम पुन्हा तापवून कडक केल्याशिवाय ताकद परत येत नाही. जोड तिथेच, नाहीतर बोटभर बाजूला, पुन्हा तुटतो.

तर तुमच्या मेकॅनिकला या क्रमाने काम सांगा. आधी क्रँक आणि हेडसेट. मग मागच्या चाकात सगळ्या नव्या तारा, रिम वाचत असेल तर. मग हँगर सरळ, नंतर पॅड. चेन तुमच्यासमोर मोजायला लावा. अर्धा सूत ओलांडली असेल तर फक्त चेन टाका. कॅसेटचा निर्णय नवी चेन टाकून चालवल्यावरच घ्या. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन पहिल्याच जोरात घसरते, त्यामुळे त्याच दिवशी कळेल. ही चाचणी रंकाळ्याच्या सपाट रस्त्यावर, सीटवर बसून, एकेक गिअर टाकत करा. उभं राहून करू नका; जोर लावताना चेन घसरली तर पाय खाली जातो आणि छाती थेट हँडलवर आदळते.